मधमाशीची पेटी अनुदानावर मिळते. पण माशी आजारी पडली तर दाखवायची कुणाला?

सातारा : पावसाळा सुरू झाला की मधपेट्या ठेवणाऱ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "माश्या उठून गेल्या." पेटी उघडावी तर आत रिकामी पोळी, तळाला थोडा कचरा आणि मूठभर मेलेल्या माश्या. मग कुणी मुंग्यांना दोष देतो, कुणी मेणकिडीला, कुणी शेजारच्या फवारणीला. या तिन्हींत तथ्य असू शकते. पण चौथे एक कारण असते आणि त्याची चौकशी सहसा होत नाही. ते म्हणजे बुरशी.

डाळिंबावर, द्राक्षावर बुरशी आली की शेतकरी चार जणांना फोन करतो, पान तोडून कृषी केंद्रात नेऊन दाखवतो. मधमाशीलाही बुरशीचे रोग होतात, हे मात्र पेटी घेतलेल्या अनेकांना ठाऊक नसते. ठाऊक असले तरी नमुना न्यायचा कुठे, हा प्रश्न उरतोच. मधमाशीपालनाच्या योजना गावोगाव पोहोचत असताना ही उणीव आता महाग पडू शकते.

सातारा जिल्ह्याला याची झळ दोन्ही बाजूंनी बसते. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटणचा डोंगरपट्टा. महाबळेश्वरजवळचे मांघर १६ मे २०२२ रोजी देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. तिथल्या बहुतेक घरांचा मधाशी संबंध आहे. पूर्वेला फलटण, माण, खटाव. तिथे डाळिंब, कांदा बियाणे, सूर्यफूल आणि वेलवर्गीय भाज्या आहेत, म्हणजे माशी फिरली तरच फळ आणि दाणा भरणारी पिके. एकीकडे माशी मधासाठी हवी, दुसरीकडे परागीभवनासाठी. दोन्हीकडे पेटी निरोगी असेल तरच उपयोग.

खडूसारखी कडक होणारी अळी

बुरशीच्या रोगांपैकी डोळ्यांनी ओळखता येणारा रोग म्हणजे 'चॉकब्रूड'. मराठीत त्याला खडू रोग म्हणता येईल, कारण मेलेली अळी खरोखरच खडूच्या तुकड्यासारखी दिसते. 'अ‍ॅस्कोस्फेरा एपिस' नावाच्या बुरशीमुळे तो होतो.

रोगाची वाट साधी आहे. कामकरी माश्या अळीला जे खाऊ घालतात, त्यातून बुरशीचे बीजाणू अळीच्या पोटात जातात. तिथे ते रुजतात. माश्यांनी कप्प्यावर मेणाचे झाकण घातल्यानंतर अळी आतल्या आत मरते. आधी ती पांढऱ्या कापसासारख्या धाग्यांनी फुगते, मग वाळून आक्रसते आणि कडक होते. बुरशीने पुन्हा बीजाणू धरले की तीच अळी करडी किंवा काळी दिसते. काळी अळी जास्त धोक्याची, कारण बीजाणूंचा साठा तिच्यात असतो.

ओळखायला भिंग लागत नाही. सकाळी पेटीच्या तोंडाशी आणि तळफळीवर पांढरे-काळे कडक तुकडे पडलेले दिसतात. माश्या स्वतःच मेलेल्या अळ्या ओढून बाहेर टाकतात. पिल्लांची फ्रेम उचलून हळूच हलवली तर वाळलेल्या शेंगेतल्या दाण्यासारखा खुळखुळ आवाज येतो. झाकणांना बारीक भोके दिसतात आणि पिल्लांचा पट्टा सलग न राहता विरळ होतो. फ्रेमच्या कडेची आणि नर माश्यांची पिल्ले आधी बळी पडतात, कारण तिथे ऊब कमी मिळते.

हा रोग जगभर मुख्यतः मेलिफेरा माशीत आढळतो. आपल्या सातेरीत तो कमी दिसतो, पण सातेरी त्यातून पूर्ण सुटलेली नाही. चीनमध्ये सातेरीच्याच जातकुळीतल्या माशीत त्याची नोंद झालेली आहे.

ओल आणि गारवा

बुरशीचे बीजाणू पेटीत आले म्हणजे रोग झालाच, असे नाही. बळकट पेटीत बीजाणू असूनही रोग डोके वर काढत नाही. माश्या पिल्लांच्या भागात सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राखतात. माश्या कमी झाल्या आणि पिल्ले जास्त राहिली, तर सगळ्यांना ऊब पुरत नाही. तापमान काही वेळ जरी ३० अंशांच्या आसपास घसरले, तरी बुरशीला हवे तसे वातावरण मिळते. त्यात पेटीत कोंदट ओल असली की काम सोपे होते.

महाबळेश्वरच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभूळ, हिरडा, गेळ्याचा हंगाम संपलेला असतो. बाहेर फूल नाही, माशीला उडायला उघडीप नाही. हंगामात मध काढताना पोळ्यात काहीच शिल्लक ठेवले नाही, तर उपाशी वसाहत आणखी दुबळी होते. म्हणून पावसाळ्यात रिकामी झालेल्या पेटीची गोष्ट पुष्कळदा मे महिन्यातच सुरू झालेली असते. शेवटची फ्रेम मधयंत्रात फिरवायची की माश्यांसाठी ठेवायची, त्या वेळीच.

पूर्व भागात पाऊस कमी, म्हणून धोका नाही, असेही नाही. डाळिंबाच्या मृग बहारात पेट्या बागेत असतात तेव्हा पावसाळी हवा असते. पेटी थेट जमिनीवर ठेवली, ठिबकच्या नळीखाली ओल साचली, झाकण गळके निघाले की आतली हवा दमट होते. दुबळी पेटी वारंवार उघडून बघणे हेही पिल्लांना गार पाडणेच आहे.

खडू रोगावर खात्रीचे औषध नाही. अँटिबायोटिक बुरशीवर चालत नाही. उलट त्याचा अंश मधात उतरतो आणि मध विकताना अडचण होते. उपाय व्यवस्थापनाचेच आहेत. पेटी स्टँडवर आणि किंचित पुढे झुकती ठेवायची, म्हणजे पाणी आत थांबत नाही. हवा खेळती ठेवायची. माश्या कमी असतील तर रिकाम्या फ्रेम काढून जागा लहान करायची. खूप लागण झालेली पोळी जाळायची. रोग वारंवार येत असेल तर राणी बदलायची, कारण आजारी पिल्ले पटकन ओळखून बाहेर काढण्याची सवय काही वसाहतींत जन्मजात जास्त असते. जुनी काळी पोळी वर्षानुवर्षे वापरणे मात्र थांबवावे लागेल. या बुरशीचे बीजाणू १५ वर्षे आणि त्याहून अधिक काळ जिवंत राहू शकतात.

पोटातला रोग दिसत नाही

दुसरा रोग नोसेमा. याचा जंतू पूर्वी वेगळ्या गटात धरत. आता शास्त्रज्ञ त्याला बुरशीच्या कुळात किंवा तिच्या अगदी जवळ ठेवतात. तो पिल्लांना नाही, मोठ्या माश्यांना होतो. जंतू माशीच्या आतड्याच्या पेशींत वाढतो, तिला अन्न पचत नाही, आयुष्य घटते. जी माशी अजून पेटीत राहून पिल्ले सांभाळायची, ती लवकर बाहेर पडते आणि लवकर मरते. पेटी हळूहळू रिकामी होते. तळाशी मेलेल्या माश्यांचा ढीगही दिसत नाही, कारण माश्या बाहेरच मरतात. "उठून गेल्या" म्हणून सोडून दिलेल्या काही पेट्या अशा असू शकतात.

नोसेमाचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. एकात माश्यांना हगवण लागते, पेटीच्या तोंडावर पिवळट-तपकिरी डाग दिसतात. दुसऱ्या, 'नोसेमा सेराने' या प्रकारात असे डाग फारसे दिसत नाहीत. तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. माश्यांची पोटे पाण्यात वाटून त्यातला थेंब साधारण ४०० पट मोठा करून पाहिला की तांदळाच्या दाण्यासारखे बीजाणू दिसतात. शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकावरही हे काम होऊ शकते. गरज आहे ती ओळखता येणाऱ्या माणसाची.

या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास पेट्या फिरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९९६ मध्ये चीनमधल्या आशियाई माशीत, म्हणजे सातेरीच्याच जातीत, तो पहिल्यांदा नोंदला गेला. २००५ च्या सुमारास तैवान आणि स्पेनमधल्या मेलिफेरा माशीत तो सापडला. आज तो जवळपास सगळ्या जगात आहे. एका जातीचा रोग दुसरीत गेला आणि माणसाने हलवलेल्या पेट्यांबरोबर देशोदेशी पसरला. आपल्याकडे मेलिफेराच्या पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात. ट्रक बांधावर उतरतो तेव्हा पेटीत माश्यांबरोबर आणखी काय आले, हे कुणी तपासत नाही.

तिसरा रोग 'स्टोनब्रूड', दगडी रोग. तो क्वचित होतो, पण त्यात माणसाने जपायला हवे. 'अ‍ॅस्परजिलस' गटातल्या बुरशीमुळे अळ्या दगडासारख्या कडक होतात आणि त्यांवर पिवळट-हिरवी पूड दिसते. भुईमुगाच्या शेंगांवर येऊन अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशी याच गटातली. तिची पूड श्वासात गेल्यास फुप्फुसांना त्रास होऊ शकतो. अशी फ्रेम दिसली तर हुंगून पाहू नये, तोंडाला रुमाल बांधावा आणि फ्रेम जाळावी.

सगळी बुरशी रोगाची नसते

पावसाळ्यात कडेच्या फ्रेममधल्या साठवलेल्या परागावर बुरशी दिसते. मेलेल्या माश्यांवरही ओलीत बुरशी चढते. हे दरवेळी रोगाचे लक्षण नसते. वसाहत बळकट असेल तर माश्या ते साफ करतात. म्हणून पेटीत पांढरे दिसले की लगेच घाबरून औषध ओतू नये.

उलट चूकही होते. सातेरीवर येणारा थाई सॅकब्रूड हा रोग विषाणूचा आहे, बुरशीचा नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत त्याने सातेरीच्या वसाहतींचा प्रचंड नाश केला. त्यात अळी पाण्याच्या पिशवीसारखी होते, चिमट्याने उचलली तर पिशवीसकट वर येते. जिवाणूच्या रोगात अळी मऊ पडून सडते, आंबूस वास येतो. खडू रोगात ती कोरडी आणि कडक असते. तिन्हींचे उपाय वेगळे. रोगाचे नाव न कळता केलेला खर्च वायाच जातो.

बुरशीनाशक फवारल्याने माशी बरी होत नाही

बुरशीनाशकाने कीटक मरत नाहीत, तेव्हा ते माश्यांना निर्धोक, असा समज बागायतदारांत आहे. तो अर्धवट आहे. बुरशीनाशकाने माशी बहुधा जागेवर मरत नाही, हे खरे. पण परागाबरोबर ते पेटीत जाते. माश्या पराग आंबवून साठवतात, त्यात उपयोगी बुरशी आणि जिवाणूंचा वाटा असतो. त्यावर बुरशीनाशकाचा परिणाम होतो.

अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक जास्त असलेला पराग खाल्लेल्या माश्यांना नोसेमाची लागण होण्याची शक्यता वाढलेली आढळली. म्हणजे बुरशी मारायचे औषध, आणि माशीला बुरशीचाच रोग जास्त. शिवाय काही बुरशीनाशके माशीच्या शरीरातली विष पचवण्याची ताकद कमी करतात. मग त्यांच्याबरोबर एकाच टाकीत कीटकनाशक मिसळले असेल तर त्याचा मारा वाढतो.

डाळिंब, द्राक्ष पट्ट्यात फवारणी बंद करा, असे कुणी म्हणणार नाही. पण फुलोऱ्यात टाळता येईल ती फवारणी टाळणे, करावीच लागली तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करणे, दोन औषधे उगाच एकत्र न करणे आणि पेटी ठेवणाऱ्याला आदल्या दिवशी कळवणे, एवढे जमण्यासारखे आहे.

रानातल्या माश्यांचे काय?

पेटीतली माशी मेली तर निदान मालकाला कळते. रानमाशीला मालक नसतो. आग्या, फुलोरी, डंख नसलेली पोयाची माशी, तुरीच्या फुलावर येणारी पाने कापणारी माशी, भोपळ्याच्या फुलात शिरणारा काळा भुंगा, या सगळ्यांचे शेतात काम आहे आणि त्याची मजुरी कुणी देत नाही.

पेटीतल्या आणि रानातल्या माश्या एकाच फुलावर बसतात. आजारी माशी फुलावर जंतू सोडून जाऊ शकते. थायलंडमध्ये आग्या आणि फुलोरी माशीतही नोसेमा सेरानेची लागण आढळली आहे. अमेरिका-कॅनडात लसूणघासाच्या बियाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या, पाने कापणाऱ्या माशीला खडू रोगाच्याच बुरशीच्या एका भाऊबंदाने अनेक दशके छळले आहे. अमेरिकेतल्या घटत चाललेल्या जंगली भुंगेमाश्यांत नोसेमाच्या आणखी एका प्रकाराचे प्रमाण जास्त आढळले. त्या सगळ्याला रोग हे एकच कारण नाही. अधिवास गेला, औषधे आली, फुले कमी झाली. पण उपाशी आणि दुबळ्या माशीवर रोग लवकर चढतो, हा नियम पेटीत आहे तसाच रानातही आहे.

म्हणून पेट्यांची गर्दी करताना आसपासचे बांध, करवंदीच्या जाळ्या, जुनी झाडे शाबूत आहेत का, हेही पाहायला हवे. फुले कमी आणि पेट्या जास्त झाल्या, तर दोन्हीकडच्या माश्या उपाशी राहतील.

मध तपासायला ५३, माशी तपासायला ६

सरकारने या क्षेत्रात पैसा घातला आहे, हे मान्य करावे लागेल. राष्ट्रीय मधमाशी पालन व मध अभियानासाठी २०२०-२१ पासून तीन वर्षांकरिता ५०० कोटी रुपयांची तरतूद झाली, पुढे २०२५-२६ पर्यंत मुदत वाढली. राज्यात खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि प्रशिक्षण मिळते. मांघरनंतर कोल्हापूर जिल्ह्यातले पाटगावही मधाचे गाव झाले.

पण भर कशावर आहे ते पाहा. केंद्राच्या अभियानात देशभरासाठी ६ मोठ्या आणि ४७ छोट्या मध तपासणी प्रयोगशाळा मंजूर झाल्या. मधमाशीच्या रोगनिदानासाठी मंजूर झालेल्या प्रयोगशाळा ६. एप्रिल २०२१ मध्ये सुरू झालेले 'मधुक्रांती' पोर्टलही प्रामुख्याने मधाचा माग काढता यावा यासाठी आहे.

मधाच्या तपासणीला कारण होते. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचे मध तपासले, तेव्हा फक्त ३ ब्रँड सगळ्या चाचण्यांत उतरले. भेसळ रोखली तर प्रामाणिक मधपाळालाच भाव मिळतो. तेव्हा मधाच्या प्रयोगशाळा चुकीच्या नाहीत. पण माशीच राहिली नाही तर बाटलीत भरायचे काय?

जनावरांचा दवाखाना तालुक्याला असतो, मोठ्या गावातही असतो. गाय आजारी पडली तर डॉक्टर येतो. मधमाशीही अनुदान देऊन वाटलेले पशुधनच आहे, तिच्यासाठी तशी सोय नाही. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. तालुक्यात एक प्रशिक्षित माणूस, एक सूक्ष्मदर्शक आणि नमुना पुढे पाठवायची ठरलेली वाट, एवढ्याने बरेच भागेल. पेटी देताना पहिल्या पावसाळ्यात दोन भेटी बंधनकारक केल्या, आणि जिल्ह्याबाहेरून येणाऱ्या पेट्यांची नोंद ग्रामपंचायतीत ठेवली, तरी चित्र बदलेल. ग्रामसभेत मागणी करण्यासारखी ही गोष्ट आहे.

तोपर्यंत मधपाळांनी काय करावे?

जिल्ह्यात महाबळेश्वरला खादी मंडळाचे मध संचालनालय आहे. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही कीटकशास्त्राचे जाणकार मिळू शकतात. जाण्याआधी फोन करावा आणि नमुना नीट न्यावा.

– खडू रोगाची शंका असेल तर पांढऱ्या-काळ्या वाळलेल्या दहा-बारा अळ्या कागदाच्या पुडीत घ्याव्यात.
– पिल्लांच्या पोळीचा तळहाताएवढा तुकडा कागदात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात न्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरतो, नवी बुरशी चढते आणि नमुना वाया जातो.
– नोसेमासाठी पेटीच्या तोंडाशी येणाऱ्या मोठ्या माश्या, साधारण ५० ते ६०, स्पिरिट भरलेल्या बाटलीत घ्याव्यात.
– पुडीवर गाव, तारीख, माशीची जात आणि पेटी कुठून आणली ते लिहावे. मोबाईलवर फ्रेमचे आणि तळफळीचे फोटो काढून ठेवावेत.
– निकाल येईपर्यंत त्या पेटीची फ्रेम, मध किंवा पराग दुसऱ्या पेटीत देऊ नये. पेटी उघडायची पट्टी आणि हातमोजे धुऊन घ्यावेत.
– रिकामी झालेली पेटी तशीच दुसऱ्याला विकू नये. आतली जुनी पोळी काढून, लाकूड खरवडून आणि आतून ज्योतीने शेकून घ्यावे.
– मेलेल्या पेटीतला मध दुसऱ्या माश्यांना खाऊ घालू नये.

यातले काहीच फार खर्चाचे नाही. पण हे सगळे मधपाळाने एकट्याने निस्तरायचे आणि योजनेच्या अहवालात फक्त वाटलेल्या पेट्या मोजायच्या, हे बरोबर नाही. पुढच्या वर्षी पेट्यांचा आकडा जाहीर होईल तेव्हा आधी वाटलेल्यांपैकी किती पेट्यांत दुसऱ्या पावसाळ्यानंतर माश्या होत्या, हा आकडाही गावकऱ्यांनी मागायला हवा.